सव्वाशे किलोची पंगत

माणसाच्या आजवरच्या साऱ्या बांधकामाचा इतिहास म्हणजे छप्पर कशावर टेकवायचं या एकाच प्रश्नाचा इतिहास आहे, असं मधुसूदन केसकरांचं ठाम मत होतं. देवळं, राजवाडे, धान्याची कोठारं, सगळीकडे माणसाने भिंती हौसेने उभ्या केल्या आणि छपरापाशी येऊन डोकं खाजवलं. हे मत ते चहाच्या वेळी मांडत. ते स्वतः काळेवाडीत ज्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहत, तिथलं छप्पर कशावर टेकलं होतं हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. ते गळतं, एवढं ठाऊक होतं. वर चढून बघायला घरमालक परवानगी देत नव्हता.

केसकर भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत उद्धवरावांच्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग ऑफिसचे प्रमुख होते. त्या ऑफिसात ते, दोन बोर्ड आणि एक टेबलफॅन एवढाच ऐवज असल्यामुळे प्रमुखपदाबद्दल कधी वाद झाला नव्हता. वर्कशॉपमध्ये तेल साठवायच्या टाक्या बनत. टाक्यांची ड्रॉइंगं मुंबईच्या एका सल्लागाराकडून तयार यायची. प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात तीन चौकटी असत. पहिलीत ज्याने काढलं त्याची सही, दुसरीत ज्याने तपासलं त्याची, आणि ‘डिझाइन्ड बाय’ या तिसरीत ज्याच्या डोक्यातून ते निघालं त्याची. तेरा वर्षांत केसकरांची सही फक्त दुसऱ्या चौकटीत झाली होती. दुसऱ्याच्या डोक्यातून निघालेलं बरोबर आहे, असं ते तेरा वर्षं लिहून देत आले होते. आणि ते खरोखरच बरोबर असायचं, ही त्यातली जास्त त्रासाची गोष्ट होती.

अठ्ठ्याहत्तर साली शेजारच्याच प्लॉटवर एका कंपनीला भट्टीच्या तेलाची टाकी हवी झाली. अठरा मीटर व्यास, दहा मीटर उंची, वर पत्र्याचं कायमचं छत. मुंबईच्या ड्रॉइंगात अशा छताच्या मधोमध एक खांब असे. केसकरांनी तो काढून टाकला. चोवीस लोखंडी वासे भिंतीच्या काठावरून निघून मधल्या एका कड्याला भिडणार, वर पाच मिलिमीटरचा पत्रा, उतार सहाला एक, आणि खाली सगळं मोकळं. खांब नाही म्हणजे त्याचा पाया नाही, तेलात उभं राहून गंजणारं लोखंड नाही, टाकी साफ करणाऱ्याला डोकं आपटायची सोय नाही. अशी तीन कारणं त्यांनी लिहून दिली. चौथं कारण तिसऱ्या चौकटीचं होतं. ते लिहिलं नाही.

वर्कशॉपचे मालक उद्धवराव मूळचे भोसरीचेच. त्यांची शेती वसाहतीत गेली तेव्हा त्यांनी वसाहतीतच एक प्लॉट घेतला आणि आपल्याच ज्वारीच्या रानात वेल्डिंग सुरू केलं. ड्रॉइंग त्यांना वाचता येत नसे, पण न वाचता ते अचूक जागी बोट ठेवत.

“हितं खांब न्हाई?”

“नाही.”

“मग वरचं खाली का येत न्हाई?”

“बैलगाडीचं चाक आडवं टाका,” केसकर म्हणाले. “मधला तुंबा थोडा वर उचला. आरे एका टोकाने तुंब्याला टेकलेत आणि दुसऱ्या टोकाने बाहेर ढकलतायत. बाहेरून त्यांना कोण धरतं?”

“धाव.”

“तीच इथे आहे. चाकावरच्या लोखंडी पट्टीऐवजी भिंतीच्या काठावर गोल फिरवलेला लोखंडी अँगल. तो जोवर तुटत नाही, तोवर तुंबा खाली येत नाही.”

उद्धवरावांनी थोडा विचार केला. “धावा म्या शंभरेक तरी बशिवल्या असतील. तुटली तर सांध्यात तुटती.”

“सांधा ज्योतीराम करणार आहे.”

“मग न्हाई तुटत,” उद्धवराव म्हणाले आणि विषय संपला. ज्योतीराम हा त्यांचा वेल्डर, बीडकडचा. त्याने केलेला जोड कापायचा झाला तर दुसऱ्या जागी कापावं लागे.

“पर वजन किती पेलंल?”

“दर चौरस मीटरला सव्वाशे किलो.”

“म्हंजी किती?”

आता खरं तर इथे केसकरांनी गप्प बसायचं. पण त्यांना समजावून सांगायची खोड होती. “म्हणजे असं समजा, सगळ्या छतावर लग्नाची पंगत बसली, अगदी दाटीवाटीने, तरी छताला काही होणार नाही.”

उद्धवरावांनी मान हलवली. केसकरांना वाटलं, समजलं.

खरेदीदार कंपनीचे इन्स्पेक्शन इंजिनिअर गुरुदत्त नाडकर्णी हे ठेंगणे, अंगाने भरलेले आणि बोलायला मोजके होते. त्यांनी केसकरांची आकडेमोड दोन दिवस घरी नेऊन परत आणली.

“केसकर, आकडे बरोबर आहेत.”

“मला माहीत आहे.”

“अडचण अशी, की आमच्या साहेबांना आकडे वाचता येत नाहीत. खांब वाचता येतो. खांब दिसला की त्यांना शांत झोप लागते.”

“मग मी काय करू?”

“पुरावा द्या. छत चढवण्याआधी त्याच्यावर पूर्ण भार टाका, सव्वाशेच्या हिशेबाने. पेललं तर मी मंजुरी लिहितो. नाहीतर मुंबईचं जुनं ड्रॉइंग आहेच. महिनाअखेरपर्यंत ठरवा.”

जुनं ड्रॉइंग म्हणजे खांब, आणि खांब म्हणजे पुन्हा दुसरी चौकट. केसकरांनी जागच्या जागी गुणाकार केला. छताचं क्षेत्रफळ दोनशे चोपन्न पॉइंट चार चौरस मीटर, म्हणजे भार एकतीस हजार आठशे किलो. “वाळूची पोती टाकतो,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात किंतु नव्हता. छत पेलणार याबद्दल त्यांना पोत्यांइतकाच भरवसा होता.

उद्धवरावांनी पोती ऐकून तोंड वाकडं केलं. “बत्तीस टन वाळू वर चढवायची आन मंग तीच खाली उतरवायची. त्यापरास माणसं बरी. आपली आपण चढत्यात, आपली आपण उतरत्यात. तुमीच म्हनला व्हता न्हवं, पंगत?”

“ते उदाहरण होतं.”

“चौदा तारखेला पुतण्याचं लगीन हाय. अख्खी भोसरी जेवाया येणार. पंगतीला जागा हुडकून हुडकून आमी दमलो, केसकर सायेब, आन तुमी हितं आठरा मीटरचं गोल आंगण घिऊन बसलाय.”

केसकरांनी नाडकर्णींकडे पाहिलं. नाडकर्णींनी नियमांचं पुस्तक काढलं, चष्मा पुसला आणि ते पान शांतपणे वाचलं.

“भार किती असावा ते लिहिलंय,” ते म्हणाले. “कसला असावा ते लिहिलेलं नाही.”

हे वेडेपणाचं वाटेल, पण टाकी बांधायची पद्धतच तशी होती. ज्योतीरामची माणसं टाकी उलटी बांधत. आधी जमिनीवर तळाचा पत्रा, त्यावर भिंतीचा सर्वांत वरचा दीड मीटर उंचीचा पट्टा, आणि त्यावर लगेच छत. मग सगळं जॅकने उचलायचं, खाली दुसरा पट्टा जोडायचा, पुन्हा उचलायचं. त्यामुळे दहा मीटर वर जायचं ते छत सध्या छातीच्या उंचीवर तयार उभं होतं. फळ्यांचा एक उतार लावला की नवरदेवाची आजीसुद्धा चढली असती. ती चढलीही.

तयारीचा कारभार उद्धवरावांच्या पत्नी इंदुताईंकडे होता. त्यांनी छतावर एक फेरी मारली, मधोमध एक लिंबू ठेवलं आणि ते गडगडत कुठवर जातं ते पाहिलं. लिंबू कडेवरून खाली पडलं. तिथेच त्यांनी आमटी रद्द केली. बासुंदी तर नावालाही नको म्हणाल्या. मसालेभात, बटाट्याची भाजी, पुऱ्या आणि जिलबी असा, बूड असलेला स्वयंपाक ठरला. मठ्ठा ठेवला, पण तो द्रोणात आणि द्रोण हातात.

केसकरांनीही दोन सूचना केल्या. वाढप्यांनी पळायचं नाही, कारण पळणाऱ्या माणसाचं वजन कागदावर दुप्पट होतं. आणि पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला अशी पंगत बसवायची नाही, कारण एका बाजूला कलता भार त्यांना पहिल्या खेपेला नको होता. मग एक गोल रांग पुरुषांची, तिच्याबाहेर एक बायकांची, असा तोडगा निघाला. मधल्या कड्याभोवतीची जागा, सगळ्यांत उंच म्हणून, रहाटणीहून आलेल्या नवरीकडच्या मंडळींनी मानाने मागून घेतली.

चौदा तारखेला अक्षता पडल्या आणि वऱ्हाड वर्कशॉपच्या वजनकाट्याशी रांग लावून उभं राहिलं. काटा लोखंड मोजायचा होता. त्यावर एका वेळी दहा माणसं मावत. नाडकर्णी आकडे लिहून घेत होते. बायकांनी काट्यावर चढायला साफ नकार दिला, तेव्हा इंदुताई पुढे झाल्या.

“अगं, धाजणींचं येकदम मोजत्यात. धाजणींची बेरीज कुना येकीची नसती,” त्या म्हणाल्या आणि स्वतः पहिल्या चढल्या. ज्योतीरामने नंतर केसकरांना सांगितलं, की त्या वेळी काट्यावर त्यांच्यासोबत निवडून नऊ बारीक मुली होत्या.

पंगत बसायला लागली तेव्हा केसकर भिंतीच्या पट्ट्यात ठेवलेल्या दारातून वाकून छताखाली, टाकीच्या आत गेले. मधल्या कड्याला त्यांनी ओळंबा सोडला होता आणि त्याच्या टोकाशी मोजपट्टी उभी केली होती. त्यांच्या आकडेमोडीप्रमाणे पूर्ण भाराखाली छत बारा मिलिमीटर खाली यायला हवं होतं. ज्योतीरामही आत येऊन बसला.

“तू कशाला?” केसकर म्हणाले. “वर जेवायला जा.”

“जोड माझे हायत, साहेब. तुमी आकडे बघा, मी आवाज ऐकतो.”

डोक्यावर शेकडो पावलं वाजत होती. मग पावलं थांबली आणि पत्रावळींची खसखस सुरू झाली. एकदम कुठेतरी टक्क झालं. केसकरांचा हात मोजपट्टीवर थांबला.

“पत्रा बसला वाशावर,” ज्योतीराम वर न बघता म्हणाला. “जोड न्हाई बोलला. जोड बोलला तर कळतंय. कशाला घाबरायलाव?”

“मी घाबरलो नाही.”

“न्हाई, मी सहज विचारलं.”

ओळंबा सहावर थांबला होता. अंदाजाच्या निम्मा. केसकरांना स्वतःचा अभिमान वाटू लागला होता, एवढ्यात नाडकर्णी गुडघ्यांवर हात टेकत आत आले. त्यांच्या हातात वही होती.

“केसकर, सगळी बसली. तीनशे बारा माणसं, सोळा हजार पाचशे चाळीस किलो.”

“पण छत तर भरलंय.”

“भरलंय. तिळाएवढी जागा नाही. भार मात्र निम्मा आहे.”

केसकरांनी ती बेरीज हातात घेतली, तपासली आणि ती नेहमीसारखीच बरोबर निघाली. मग त्यांनी तिथेच, मोजपट्टीच्या पाठीवर, आयुष्यात पहिल्यांदा पंगतीचं गणित केलं. माणूस बसतो, पुढे पत्रावळ मांडतो, पत्रावळीपुढे वाढप्याला वाट लागते. त्रेपन्न किलोचा माणूस अशा रीतीने पाऊण चौरस मीटरहून जास्त जागा अडवतो. लग्नाची पंगत, अगदी दाटीवाटीने, चौरस मीटरला पासष्ट किलो भरते. वाशांचा हिशेब त्यांनी तिसऱ्या दशांशापर्यंत चार वेळा तपासला होता. पंगत एकदाही तपासली नव्हती, कारण ते उदाहरण होतं, आणि उदाहरण तपासायला कुठल्याच ड्रॉइंगात चौकट नसते.

“निम्म्या भारावर मी पूर्ण मंजुरी लिहू शकत नाही,” नाडकर्णी म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, पण तेही मोजकंच. “आणि पुन्हा एवढी माणसं तुम्ही महिनाअखेरपर्यंत कुठून आणणार?”

“वाळू आणतो.”

“वाळूला साहेबांची परवानगी लागेल, आणि ती महिनाअखेरच्या आत मिळायची नाही. लग्नाला लागली नाही, कारण मी विचारली नाही.”

खांब केसकरांना आता स्पष्ट दिसू लागला. ओळंबा लटकत होता तिथेच तो उभा राहणार होता.

छताला कडेजवळ माणूस शिरण्याएवढं एक झाकणाचं भोक होतं. त्यातून इंदुताईंचं डोकं आत आलं. “काय चाललंय? वाढपी फळीवर अडवून ठेवल्यात. भात निवतोय.”

“ताई, वजन कमी पडलं,” केसकर म्हणाले. “निम्मंच भरलं.”

“निम्मंच भरणार. निम्मी मानसं खालीच हायत की.”

“ती दुसऱ्या पंगतीची.”

“व्हय, मग? दुसरी पंगत कुटं उभी ऱ्हाती, सायेब? तुमच्यात कुटं ऱ्हाती ठाव न्हाई, आमच्यात पहिलीच्या पाठीला ऱ्हाती. घास मोजत. आज तुमीच फळीवर मानूस उभा करून त्यास्नी रोखून धरलंय म्हून, न्हाईतर कवाच वर आली असती.”

केसकरांनी नाडकर्णींकडे पाहिलं. नाडकर्णींनी वहीत नवीन पान काढलं.

दुसऱ्या पंगतीला बोलवावं लागलं नाही. फक्त फळीवरचा माणूस बाजूला केला. जिलबी संपेल या जन्मजात धास्तीने सगळी काट्यावर आपण होऊन दहा-दहाने उभी राहिली, वर गेली, आणि वाढप्यांच्या वाटांमध्ये, जेवणाऱ्यांच्या पाठीशी गुडघे लावून, त्यांच्या पत्रावळीत बघत उभी राहिली. वाढप्यांना चालायला जागाच उरली नाही, त्यामुळे पळण्याचा प्रश्न मिटला. पुऱ्यांच्या परड्या हातोहात पुढे जाऊ लागल्या. ओळंबा सात झाला, आठ, नऊ. टक्क आणखी दोनदा झालं. दोन्ही वेळा ज्योतीराम नुसता “पत्रा” म्हणाला.

मग झाकणाच्या भोकातून नाडकर्णींचा आवाज आला. “एकतीस हजार सातशे बेचाळीस. भात, परड्या, आचारी सगळं धरून. खाली आता कोणी नाही.”

“किती कमी?”

“अठ्ठावन्न किलो.”

“सोडून द्या की,” वरून कुणीतरी म्हणालं.

“सोडता येत नाही.”

“उद्धवराव?” केसकरांनी विचारलं.

“मोजले. दुसऱ्याच दहात.”

केसकर स्वतः चढले असते, पण मग आकडा कोण वाचणार. त्यांनी ज्योतीरामकडे पाहिलं. ज्योतीराम शांतपणे म्हणाला, “मी पंचेचाळीस. पुरायचा न्हाई.” मग दोघांनीही एकदम वर, झाकणाच्या भोकाकडे पाहिलं. नाडकर्णी भोकाच्या काठाशी फळीवर उभे होते. ती फळी बाहेरच्या ओट्यावरून पुढे काढलेली, छताला न टेकणारी असल्यामुळे ते अजून कुणाच्याच हिशेबात नव्हते.

“नाडकर्णी,” केसकर म्हणाले, “तुमचं वजन किती?”

नाडकर्णी फळीवरून उतरले. मग खाली, काट्यावर, एकट्या माणसाचा आवाज झाला. भोसरीच्या त्या काट्यावर त्या दिवशी एकटा मोजला गेलेला तो एकमेव माणूस. “एकसष्ट,” नाडकर्णी म्हणाले, तो आकडा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला, आणि वर जाऊन नवरीकडच्या मंडळींत, त्यांना सरकून दिलेल्या वीतभर जागेत बसले. एकतीस हजार आठशे तीन.

ओळंबा अकरावर आला आणि थांबला.

केसकरांनी घड्याळ लावलं. पाऊण तास त्यांनी मोजपट्टीवरची नजर काढली नाही. वर सहाशे माणसं जेवत होती, नावं घेतली जात होती, कुणाला तरी नको नको म्हणताना जिलबी वाढली जात होती. कुठेतरी मठ्ठ्याचं भांडं कलंडलं आणि उताराने वाहत गेल्याचा आवाज त्यांनी वाशावाशाने ऐकला. आत एक थेंबही गळला नाही. काळेवाडीच्या घरात त्यांनी असं छप्पर सोळा वर्षांत पाहिलं नव्हतं. इंदुताईंनी झाकणाच्या भोकातून दोरीला बांधून एक ताट सोडलं. ज्योतीरामने ते घेतलं, अर्धी जिलबी केसकरांच्या हातात दिली आणि म्हणाला, “खा साहेब. उभं ऱ्हायलंय.”

“मला माहीत होतं,” केसकर म्हणाले. आणि त्यांना खरंच माहीत होतं. पासष्ट किलोची पंगत सोडली तर त्यांनी काहीच चुकवलं नव्हतं.

माणसं उतरली तशी मोजपट्टी शून्यावर परतली, फक्त अर्धा मिलिमीटर मागे राहिला. तो वर सांडलेल्या जिलबीच्या पाकामुळे असावा, असं नाडकर्णींनी लेखी नोंदवलं. भाराच्या रकान्यात त्यांनी ‘एकसारखा पसरलेला’ असं लिहिलं, ‘कसला’ हा रकाना नव्हता. मंजुरी चौथ्या दिवशी आली. केसकरांनी बोर्डावर ड्रॉइंग पसरलं, निब पुसली, आणि तिसऱ्या चौकटीत म. वि. केसकर अशी सही केली. सही चौकटीच्या थोडी बाहेर गेली. तेवढी त्यांनी जाऊ दिली.

टाकी पावसाळ्याआधी पूर्ण झाली. जॅकने छत एकेक पट्टा वर चढत गेलं आणि दहा मीटरवर जाऊन बसलं. उद्धवराव पाहुण्यांना तिकडे बोट दाखवून सांगत, “त्येच्यावं आमच्या पुतण्याची पंगत झालीया,” आणि पाहुणे विश्वास ठेवत नसत.

ऑगस्टमध्ये खरेदीदार कंपनीच्या सुरक्षा खात्याकडून टाकीवर लावायच्या पाट्यांचं ड्रॉइंग मजकूर तपासण्यासाठी केसकरांकडे आलं. पाट्या अकरा होत्या. सातवी जिन्याच्या वरच्या टोकाला लावायची होती. ‘छतावर एका वेळी दोनपेक्षा जास्त माणसांनी चढू नये.’ शुद्धलेखनाची चूक नव्हती. केसकरांनी दुसऱ्या चौकटीत सही केली.